चोराचं सोंग

सुजयने यंदा बांबू चिरला नाही.

दरवर्षी शिमग्यात पालखी गुहागरजवळच्या त्यांच्या वाडीत आली की दोन सोंगं निघत, चोर आणि हवालदार. सुजयच्या आजोबांनी कधीतरी तंबूत मूकपट पाहिला आणि ते खूळ गावात आणलं. पांढराफटक चेहरा, काजळाच्या मिशा, भुवयांपर्यंत टोपी, ढगळ विजार. सोंग अंगावर असेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा नेम. हवालदार चोराला बडवायचा तो उभ्या चिरलेल्या बांबूने. आवाज फटाक्यासारखा, लागत मात्र काहीच नाही.

सुजय हवालदार, शेजारचा गौरव चोर. सुजयची बायको काशी लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्याला म्हणाली होती, "एकदा मला घ्या की चोर." बायका सोंग घेत नाहीत, म्हणून त्याने ते हसण्यावारी नेलं.

यंदा महिनाभर काशी दुपारची गौरवच्या काजूबागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, जात होती. परतायची तेव्हा केसांत गवत, कोपरं सोलवटलेली. विचारलं तर म्हणे, पडले. एकदा चुलीपुढे बसून ती एकटीच हसत होती. सुजयचं डोकं फिरलं, पण त्याने पुन्हा विचारलं नाही.

सोंगाच्या दिवशी काशी सकाळीच माहेरच्या पालखीला म्हणून निघून गेली. बरंच झालं. सुजयने भरीव बांबू घेतला आणि त्यावर कोळशाने चिरेची रेघ ओढली. गौरव ओरडला तर नेम मोडून गावात त्याची छीथू होणार. नाही ओरडला तर आणखी चार घालता येतील.

ढोल वाजू लागले. चोर कोंबडी पळवत आला, घसरला, उठला. पहिला टोला पाठीत बसला तसा तो थबकला. त्याने सुजयकडे पाहिलं, मग ओठांवर बोट ठेवून लोकांकडे वळला. माणसं हसून लोळली. दुसरा टोला मांडीवर, तिसरा बरगडीवर. चौथा कानामागे बसला आणि चोर गरकन फिरून आडवा झाला. असं पडणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. म्हाताऱ्या डोळे पुसत हसत होत्या. सुजयला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

गर्दीतून मोबाइल धरून एकजण हसत पुढे आला. तो गौरव होता.

"वयनी, उठा आता," तो म्हणाला. "महिनाभर शिकवलं, त्याच्यापेक्षा भारी पडलात."