जावेचा हिरवा दिवा

सरकार पडल्याची बातमी आली आणि सांगलीच्या हळदपेठेतले दिवे एकेक करून लाल होत गेले. मनगटातलं कडं गादीवर बसणाऱ्याची नाडी बघायचं, जीव घाबरा झाला की दुकानावरचा दिवा लाल करायचं, आणि परदेशातली गिऱ्हाइकं ते दिवे तिकडं पडद्यावर बघूनच अख्ख्या पेठेचा भाव ठरवायची.

भागाक्कांचाही दिवा लाल झाला. तेवढं त्यांनी सोसलं असतं. पण समोर धाकटी जाऊ मालन निवांत पान लावत बसली होती, आणि तिचा दिवा हिरवागार. त्या एका दिव्यावरच पेठेचा भाव कसाबसा तग धरून होता.

"राज्य बुडालं तरी ही आपली नटून बसलीय," म्हणत भागाक्का उठल्या.

"आत्याबाई, जाऊ नका. आपली पोती अजून विकायचीत," सून शैलजा म्हणाली.

भागाक्कांनी रस्ता ओलांडला. "पान कसलं खातेस, मालन? मोर्चा इकडंच वळलाय. गोदामं पेटवत येताहेत म्हणे."

मालनच्या हातातला अडकित्ता थांबला. तिचा दिवा आधी पिवळा पडला, मग लाल झाला. पेठेतल्या भावफळ्यावरचा आकडा धाडकन खाली आला.

"आत्याबाई, निम्म्यानं गेलं आपलं," शैलजा दारातून रडवेल्या आवाजात म्हणाली.

"जाऊ दे. तिचंही गेलंच की."

भागाक्कांना किती दिवसांनी असं गार वाटलं. पाठीमागं, लाल झालेल्या सगळ्या पेठेत, एकट्या त्यांच्या दुकानावरचा दिवा हिरवा झाला.