देठाकडची फोड

दुधी कापला की देठाकडची फोड आधी चाखायची, ही माहेरची सवय कुंदानं सोडली नव्हती. आज फोड जिभेला लागताच ती थुंकली. असला कडूजहर दुधी माहेरी आर्णीला बाबा गुरांपुढंही टाकत नसत. सासूनं दुसरी फोड चवीनं चावली. “कुठं कडू हाय? तुह्या जिभेले सारंच कडू लागते.” नवऱ्यानंही खाऊन आईचीच री ओढली. कारलं न पिळता खाणारे हे मायलेक. त्यांना कडू कधी कळलंच नव्हतं. भाजी शिजली. पहिल्याच घासाला लेकीनं तोंड वाकडं केलं. “मम्मी, कडू हाय!” कुंदा चमकली. या घरात तिच्यासारखी जीभ आणखी कोणाला तरी होती तर! “पोरगी मायवरच गेली,” सासू म्हणाली, “सासरी कसं होईन हिचं?” कुंदानं भाजीत गूळ कुस्करला आणि पोरीला घास भरवला. “गीळ, बेटा. आपलीच जीभ खराब हाय.”