कोनाड्यातला ग्लास

“त्या सकाळी ग्लास पाहिला होता का?” साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

बसवंत दवाखान्याच्या छताकडं बघत राहिला. त्याचा एक पाय प्लास्टरमध्ये, दोरीनं वर टांगलेला. खाटेच्या पायथ्याशी महादेवी उभी होती, भाकरीची पिशवी छातीशी धरून. पिशवीत भाकरीच्या खाली, फडक्यात गुंडाळलेला, तोच ग्लास होता. घरच्या कोनाड्यात तो बघवेना म्हणून तिनं उचलून आणला होता. आणल्यावर मात्र बाहेर काढायचा धीर होईना.

साहेब मुंबईहून आले होते. माणूस वाईट नव्हता. एका इंजिनाची लहान विमानं का पडतात हे शोधण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि इंजिन आपणहून क्वचितच दगा देतं असं त्यांचं म्हणणं होतं. कुणी पेट्रोल किती उरलंय ते बघत नाही, कुणी सोयऱ्याधायऱ्यांना दाखवायला गावावरून खालून उडतो, कुणी ढगात शिरतो, कुणाला नुसतीच घाई असते. बसवंतच्या विमानाच्या टाकीत पाणी निघालं होतं. पेट्रोलच्या बुडाशी पाणी.

यावर नांदेडातली माणसं हसली होती. अख्ख्या मुलखात घोटभर पाणी न्हाई, अन् निघालं कुठं, तर इमानात! पण विमानाचं पेट्रोल ड्रममधून यायचं, आणि त्या दुष्काळात कोणताच ड्रम रिकामा राहत नव्हता. पेट्रोल संपलं की कुणीतरी तो टँकरखाली नेऊन लावायचा. तसाच एखादा, तळाशी ओल राहिलेला, पुन्हा पेट्रोल भरून आला असणार. विमान उडालं, इंजिन खोकलं, आणि ते विमान आसना नदीच्या पात्रात वाळूवर येऊन आदळलं. टाकीत पाणी होतं म्हणून बसवंत पडला आणि नदीत नव्हतं म्हणून वाचला.

बसवंत उदगीरच्या आडत्याचा पोरगा. गादीवर बसायचं सोडून आभाळात गेला म्हणून बाप त्याच्याशी बोलत नव्हता. नांदेडच्या विमानतळावर महादेवीचा नवरा गुरुपादप्पा वॉचमन होता, आणि बसवंतचं खाणंपिणं त्यांच्याच क्वार्टरमध्ये. महादेवी त्याची अक्का झाली ती कधी, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. त्याचा काचेचा ग्लास तिच्या कोनाड्यात असायचा, कारण शेडमध्ये ठेवला की मेकॅनिक त्यात चहा पीत. उडण्याआधी बसवंत टाकीच्या बुडातून थोडं पेट्रोल ग्लासात काढायचा आणि उन्हाकडं धरायचा. पाणी असलं तर ते मोत्यासारखं तळाशी बसतं. नसलं की ग्लास मातीत रिकामा.

“आडत्याचा पोरगा अन् पेट्रोल मातीत ओततोस?” महादेवी टोचायची.

“मातीत ओततो म्हणून मातीत जात न्हाई, अक्का.”

महादेवीचीही एक रीत होती. तिच्या उंबऱ्यातून निघणाऱ्याच्या तळहातावर दहीसाखर पडायची, आणि ती खाल्ली की सरळ चालू लागायचं. मागं वळायचं नाही. वळलं की काम नासतं. गुरुपादप्पा एकदा डबा विसरला, तर दिवसभर उपाशी राहिला. डबा दारात दिसत होता, पण बायको मधे उभी होती.

त्या दिवशी लातूरला नव्या कचेरीचं उद्घाटन होतं. जिल्हा नवा, हौसही नवी. पाहुण्यांवर आभाळातून फुलं पडायला हवी होती. माणसांना पाण्याचा टँकर मिळत नव्हता, झेंडूला मात्र हैदराबादेहून ट्रक आला होता. विमान निघालं का, म्हणून लातूरहून फोनावर फोन. महादेवीनं राखून ठेवलेलं चमचाभर दही बसवंतच्या हातावर घातलं, त्यानं ते चाटलं आणि तो गेला. पुढचं सगळ्या नांदेडनं बघितलं. कोरड्या पात्रात झेंडूच झेंडू.

साहेबांनी टोपण काढलेलं पेन कागदावर टेकवलं.

“रोज पाहणारा माणूस नेमका त्याच दिवशी कसा विसरतो? कुणी घाई केली? कुणी अडवलं? नाव सांगा, तेही लिहितो. एकट्याच्या अंगावर कशाला घेता?”

महादेवीनं दाराकडं बघितलं. बाहेर व्हरांड्यात गुरुपादप्पा बसला होता, खाकी टोपी मांडीवर ठेवून. त्याची नोकरी, ते क्वार्टर, सगळं त्या पेनाच्या टोकाशी येऊन थांबलं होतं.

“कुणी न्हाई साहेब,” बसवंत म्हणाला. “मीच विसरलो.”

साहेब हळू आवाजात म्हणाले की विसरणाऱ्याच्या हाती पुन्हा विमान देत नाहीत, हे त्याला माहीत असेलच. बसवंतनं मान हलवली. म्हणजे आता उदगीर, बापाची गादी, आणि जन्मभर तुरीची पोती मोजणं.

महादेवीचे ओठ हलले. बसवंतनं ते बघितलं.

“जा अक्का तू आता,” तो म्हणाला. मग अगदी तिच्याच सुरात, थोडं हसून, “अन् निघालीस की मागं वळू नगं.”

ती दारापर्यंत गेली. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. या वयापर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकल्यावर ती कधी मागं फिरली नव्हती. बाहेर गुरुपादप्पा टोपी घालून उठत होता.

महादेवी मागं वळली. भाकरीखालचं फडकं सोडून तिनं ग्लास साहेबांच्या कागदांवर ठेवला.

“ह्यो घ्यायला परत वळला हुता, साहेब,” ती म्हणाली. “मीच घरात येऊ दिलं न्हाई.”