पहिला परिच्छेद

"सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या संरचनेतील उत्परिवर्तनामुळे उद्भवणारा आनुवंशिक विकार होय." बुद्धभूषणनं पडद्यावरचं वाक्य मोठ्यांदा वाचलं आणि मान वळवली. "काय समजलं, माय?"

जनकाबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. "चांगलं लिवलंस," त्या म्हणाल्या.

"चांगलं न्हाई. समजलं का?"

"त्यातलं मला काय समजंल, बाबा?"

बुद्धभूषण कळमनुरीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. त्याची लेक सपना दिवाळीच्या तोंडावर याच आजारानं गेली. तेव्हापासून कॉलेजातून आला की तो कॉम्प्युटरपुढं बसायचा आणि इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात सिकलसेलवरचा लेख लिहायचा. रडणं न्हाई, चिडणं न्हाई. जेवायला हाक मारली की जेवायचा, बस. लेख मात्र वाढतच चालला होता. काल कुणा अनोळखी संपादकानं त्याला लिहिलं : पुढचं सगळं डॉक्टरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी राहू द्या, पहिला परिच्छेद मात्र चौथी शिकलेल्या माणसालाही कळला पाहिजे. घरात चौथी शिकलेलं माणूस एकच होतं. म्हणून आज मायला समोर बसवलं होतं.

त्यानं वाक्य खोडलं, नवं लिहिलं आणि वाचलं. "सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार आहे."

"हां, आता कसं! हेच तर मी शेजारच्या पारुबाईला सांगत होते. आपल्या घरात असलं कधी न्हाई. सुनेच्या माहेरचं रगत हाये ते."

आत स्वयंपाकघरात शीतलच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

जनकाबाईंच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. खरं तेच आपण बोलतो, अशी त्यांची खात्री होती. दवाखान्यातून आल्यावर बुद्धभूषणनं त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, पण ते वर्गात सांगतात तसं. त्यांनी मान हलवली आणि त्याला वाटलं, झालं. शीतलनं एकदा तोंड उघडून पाहिलं, तर सून उलट बोलती म्हणून गल्लीभर झालं. त्यानंतर ती बोललीच नाही.

दुसरा कुणी असता तर मायवर खेकसला असता. बुद्धभूषणला काहीच वाटलं नाही. पोरांच्या पेपरात चुकलेलं उत्तर दिसावं, तेवढंच त्याला दिसलं. वाचणाऱ्यानं उलटा अर्थ घेतला, म्हणजे परिच्छेद अजून चुकलेलाच आहे. त्यानं पुन्हा टाइप केलं.

"सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तो लेकराला एकट्या आईकडून येत नाही. आई आणि बाप, दोघांकडूनही आला, तरच होतो. ते दोघं स्वतः धडधाकट दिसतात."

जनकाबाई जराशा पुढं सरकल्या. "बापाकडून बी?"

"व्हय."

"अन् बापाकडं कुठून येतो?"

"त्याच्या मायकडून, न्हाईतर बापाकडून."

त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "म्हंजी माझ्याकडून?"

"तुझ्याकडून, न्हाईतर अण्णाकडून. अण्णा तर गेले. तुझं रगत तपासल्याबिगर सांगता येत न्हाई."

नातीच्या आठवणीनं जनकाबाई रोज रडायच्या, पण आत्ता डोळे कोरडेच राहिले.

"भूषण, ते पहिलं लिवलेलंच राहू दे," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"ते कुणाला समजत नव्हतं."

शीतल दारात येऊन उभी होती. ती कधी आली, दोघांनाही कळलं नव्हतं.

"हे समद्यांला दिसतं का?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"जतन केल्यावर."

"मग करा."

बुद्धभूषणचा हात माउसवर होता. तो मायकडं बघत होता. बोट काही हलेना.

"सरका जरा," शीतल म्हणाली. "कुठं दाबायचं, तेवढं दाखवा."

त्यानं दाखवलं. तिनं दाबलं. पान उघडायला वेळ लागला, तोवर ती तिथंच उभी राहिली. उघडलं, तशी ती उभ्याउभ्याच पहिल्या वाक्यापासून मोठ्यांदा वाचायला लागली, एकेक शब्द सुटा करून, पहिलीतल्या लेकरासारखं.