तिम्नाच्या टेकडीवर कोणीच आले नव्हते

इजिप्तचे लोक तिम्नाच्या तांब्याच्या खाणी सोडून पळाले, ही बातमी सकाळी आली. दुपारपर्यंत अबीदाने ती रद्द केली.

"पळायला आधी यावं लागतं," तो म्हणाला. "ते टकले इथे आलेच नव्हते."

चंद्रकोर दिसली की मिद्यानच्या टोळ्यांचे सरदार खाणींच्या टेकडीचा निवाडा करणार होते. परक्याने राज्य करून बाटवलेली जमीन सगळ्या घराण्यांत वाटायची, न बाटलेली मूळ घराण्याकडेच ठेवायची, असा रिवाज. मूळ घराणे अबीदाचे. आणि वाटून खाणे त्याला भिकारपणाचे वाटे.

त्याने इजिप्तवाल्यांच्या देवळावर लोकरीचा तंबू ताणला. आत टोळ्यांच्या शपथेचा तांब्याचा साप मांडला. खांबांवरचे देवीचे चेहरे तासायला खाणीतल्या एफेरला बसवले.

"नाक राहिलंय तिचं," एफेर म्हणाला.

"कुणाचं?"

"देवीचं."

"कुठली देवी?"

एफेरने छिन्नी मारली. नाक पडले. "कुठलीच नाही, मालक."

चंद्रकोर दिसली. सरदार उंटांवरून उतरले. अबीदाने सापावर हात ठेवला. "चाळीस वर्षं या खाणींत माझ्या घराण्याशिवाय कुणाचा शब्द चालला नाही."

"इजिप्तवाल्यांचाही नाही?" थोरल्या सरदाराने विचारले.

"कोण ते?" अबीदा थुंकला.

शपथ ती शपथ. टेकडी अबीदाची झाली.

मग सिला आत्या पुढे आली. जन्मभर खाणीत टोपल्या वाहिलेली बाई. तिने शाल खाली घेतली. पाठ चाबकाने नांगरलेली होती.

"मग हे तुझंच काम होय रे, मेल्या?"

"आत्या, तसं नव्हे..."

"मी आपली उगाच त्या बिचाऱ्या इजिप्तवाल्यांना शिव्या देत होते."

तिच्या मागे रांग लागली. एफेर तर अंगरखा काढूनच उभा होता.

"चाबकाला चाबूक," थोरला सरदार म्हणाला. "मालकाच्या पाठीवर. सापावरची शपथ मोडायची असेल तर ज्यांना नाकारलंस त्यांनीच येऊन साक्ष द्यायची. पुढच्या चंद्रकोरीपर्यंत मुदत."

अबीदाने इजिप्तकडे निघालेला तांडा धावत गाठला आणि म्होरक्याकडून निरोप शब्दन् शब्द घोकून घेतला:

"महाराजाधिराज फारो यांचे चरणी नम्र विनंती की, आपण तिम्ना येथे चाळीस वर्षे आमच्यावर अत्याचार केल्याचा दाखला कृपया समक्ष येऊन द्यावा, व येताना वापरातला चाबूक सोबत आणावा."