शब्द ठरेपर्यंत

शब्द पुन्हा बदलला होता.

क्लबचा सेक्रेटरी दारातूनच म्हणाला, "पेंटरकाका, रिलीफ खोडा. अध्यक्ष म्हणतात, रिलीफ म्हटलं की कुठे पूर आल्यासारखं वाटतं."

पेंटर स्टुलावर उभा होता. बॅनरच्या कापडाचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं कपाटाच्या कडीला बांधलेलं. खोली एवढीशी, म्हणून ते बायकोच्या कॉटवरूनच ताणावं लागलं होतं. न्हाणीघरात घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पैसे क्लब देणार होता. पण स्टेजवर, पाहुण्यांच्या हस्ते आणि मागे बॅनर असेल तेव्हाच. छापील बॅनर कुणीही लावतं, ज्याला द्यायचं त्याच्याच हातचा असला तर फोटो उठून दिसेल, ही कल्पना अध्यक्षांची. त्यांचं काय जातं!

बॅनरवर अध्यक्षांचं नाव होतं, पाहुण्यांचं होतं, क्लबचं तर होतंच. अडलं होतं ते फक्त, नेमकं काय देणार त्या शब्दापाशी. तो इंग्रजीच हवा होता.

आधी चॅरिटी होता. तो अध्यक्षांच्या मिसेसना भिकारडा वाटला. मग डोनेशन आला, तर खजिनदार म्हणाले, डोनेशन म्हटलं की लोकांना शाळेची ॲडमिशन आठवते. ग्रँट फार सरकारी निघाला. फायनान्शियल असिस्टन्स सगळ्यांना एकमताने पसंत पडला. पण तो बसवायला अध्यक्षांचं नाव बारीक करावं लागलं आणि एकमत मोडलं. दर वेळी पेंटर पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, वाळू द्यायचा आणि वर नवा शब्द काढायचा. कापडाचा आता पत्रा झाला होता. कार्यक्रम मात्र पुढेच ढकलला जात होता.

"मग आता काय?" पेंटरने विचारलं.

"सपोर्ट. एकदम फायनल."

"रिलीफपण फायनलच होता," बायको कॉटवरून म्हणाली. "सरळ मदत लिहा ना मेलं. लहान आहे, बसेलही नीट."

सेक्रेटरी हसला. "काकू, मदत फार साधं वाटतं हो. पाहुणे केवढे मोठे आहेत!"

"असू देत मोठे. खुबा माझा मोडलाय, त्यांचा नाही."

पेंटरने ब्रश बुडवला आणि रिलीफवर पांढरा हात मारायला घेतला. एक थेंब खाली चादरीवर पडला. थेंब पुसायचं बायकोने केव्हाच सोडून दिलं होतं. शब्द अर्धा झाकला गेला आणि ब्रश डब्याच्या तळाला घासू लागला.

"रंग संपला," पेंटर म्हणाला. "कापड-रंगाचे तेवढे दिलेत, तर आत्ता जाऊन डबा आणतो आणि संपवून टाकतो."

सेक्रेटरीला खरोखरच वाईट वाटलं. "काका, पैसे कसले मागता? तुमच्यासाठीच तर चाललंय ना सगळं? कापड, रंग, तुमची मजुरी... एवढं तुमच्याकडून असू द्या की क्लबला."

पेंटर स्टुलावरून उतरला. त्याचा जीव नुसता विटून गेला होता. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभा केला आणि हात पुसले.

"बरं, असू द्या," तो म्हणाला. "फक्त एक सांगा. तुम्ही मला देणार, त्याला एवढे शब्द. मी तुम्हाला देतोय, त्याला कुठला? तोही खाली लिहून टाकतो."

सेक्रेटरी विचारात पडला. मग सवयीने त्याने खिशातून फोन काढला.

"थांबा हं. अध्यक्षांना विचारतो."

बायकोने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"झालं!" आतून तिचा आवाज आला. "कार्यक्रम आणखी पुढे गेला."