बघू

"मॅडम, बरणीतल्या कोळ्याला सनई ऐकवली तर त्याचं जाळं बदलेल का?" बी.एस्सी.च्या शलाकानं विचारलं.

"बघू!" घैसास मॅडम उत्साहानं म्हणाल्या.

लगेच भिंतीवरचं परवानगी-यंत्र बोललं, "मार्गदर्शकांचा नकार नोंदवला. कॅमेऱ्याचं कपाट बंद."

"अहो, बघू म्हणजे बघू या!"

"मी मराठी सरकारी कचेऱ्यांत शिकलो. तिथं 'बघू' म्हणजे कधीच नाही."

शलाकाचा चेहरा पडला. कोळी आजच विणायला बसला होता, आणि ही संधी हुकली तर यंदाचा प्रकल्पच बुडणार होता. "जाऊ दे मॅडम, मी ग्रंथालयातलाच विषय घेते."

"थांब गं." मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला. "यंत्रराव, मग हा विषय कायमचा बंद करून टाका."

यंत्र सवयीनं म्हणालं, "बघू."

"म्हणजे कधीच नाही ना?"

"विषय बंद करायला नकार नोंदवला," यंत्र घरघरलं. मग कपाटाचं कुलूप खट्कन उघडलं.

शलाकानं कॅमेरा रोखला आणि सनई लावली. कोळी अर्धं जाळं तसंच टाकून स्वस्थ ऐकत बसला.

"मॅडम, हा तर कामच करेना!"

"अगं, मग तसं लिही की! एवढंसुद्धा आजवर कुणाला माहीत नव्हतं."